मोरी मारायच्या स्पर्धा नकोत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही गोवेकर मिळून एक साधी मागणी करतो आहोत. बक्षिसासाठी, विक्रमासाठी किंवा फोटोसाठी मोरी, म्हणजे शार्क, मारू नका. शाळेत, जेटीवर किंवा गावच्या बैठकीत हा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. तारवावर गेलेले आमचे लोकही फोनवर तेच विचारतात. म्हणून ते एकदाचे लिहून काढले. प्रश्नांचे शब्द विचारणाऱ्यांचेच आहेत. उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोरी मारायची स्पर्धा म्हणजे नेमकं काय असतं?

ठरलेल्या दिवशी बोटी फी भरून समुद्रात उतरतात. माशांचं रक्त, आतडी, तेल पाण्यात ओतत राहायचं, म्हणजे वासावर मोऱ्या बोटीकडे येतात. मग जाड दोरीच्या गळाला लावून ती दमेपर्यंत खेळवायची, मारायची आणि धक्क्यावर आणायची. तिथे माणसं जमलेली असतात. लोखंडी दांड्याला मोरी शेपटीने टांगतात, वजनाचा काटा लावतात, वजन पुकारतात. सगळ्यात जड मोरी आणणाऱ्याला बक्षीस.

ही पद्धत मुख्यतः अमेरिकेची. तिथल्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर, ओक ब्लफ्स गावात, १९८७ पासून अशी एक मोठी स्पर्धा भरत असे. न्यू यॉर्क राज्यातलं मॉन्टॉक तर मोरीच्या शिकारीसाठीच प्रसिद्ध झालं. काट्यावर चढतात त्या बहुधा माको, निळी मोरी आणि कोयत्यासारख्या लांब शेपटीची थ्रेशर.

आमचा विरोध नेमका त्या काट्याला आहे. का, ते प्रश्न ४ मध्ये सांगितलं आहे.

२. अमेरिकेतल्या स्पर्धांशी गोव्याचा काय संबंध? आपल्याकडे तर असलं काही नाही.

टांगलेल्या मोरीभोवती जत्रा भरवायची परंपरा आपल्याकडे नाही, हे खरं. ती येऊ नये म्हणूनच आत्ता बोलायचं. गळ टाकायचा छंद गोव्यात झपाट्याने वाढतो आहे. शापोरा, नेरूल, मांडवी, जुवारी इथून पर्यटकांना गळाला घेऊन जाणाऱ्या बोटी आहेत. चोणक आणि तांबोशासाठी लांबून हौशी लोक येतात. छंद वाढला की चुरस येते, चुरस आली की बक्षीस येतं, आणि मोठ्या माशाला मोठं बक्षीस हे कोणालाही सहज सुचतं. एका शॅकच्या भिंतीवर मी असा फोटो पाहिला आहे. चार हसरे तरुण, मधे उलटी टांगलेली मोरी, खाली वाळूवर रक्ताचा डाग. खाली तारीख नव्हती, पण मोबाइल नंबर होता, म्हणजे ती जाहिरात होती.

दुसरं असं की मोरीला हद्द नसते. अरबी समुद्र आणि आसपासच्या पाण्यात मोऱ्या, वागळ्या (पाकट मासे) आणि त्यांच्या नात्यातल्या १५३ जातींची २०१८ मध्ये तपासणी झाली. त्यातल्या निम्म्याहून जास्त जाती नष्ट होण्याच्या धोक्यात निघाल्या. ते पाणी आपल्या दारातलंच आहे.

३. मोरी, मुशी आणि शार्क वेगवेगळे का?

एकच. गोवा आणि सिंधुदुर्गात मोरी म्हणतात, वर मुंबईकडे मुशी. बाजारात लहान जातीला मुशी आणि मोठीला मोरी असा फरक करणारेही भेटतात. जगात शार्कच्या ५०० हून जास्त जाती आहेत. काही वीतभर असतात, आणि व्हेल शार्क बसएवढा होतो. वागळी, म्हणजे पाकट, मोरीची चुलत बहीण. करवत मासाही शार्क नाही, तो वागळ्यांच्या कुळातला. कायद्याच्या बाबतीत मात्र या सगळ्यांकडे एकत्र बघावं लागतं (प्रश्न ८).

४. समुद्र एवढा मोठा. दोन दिवसांच्या स्पर्धेत वीस-पंचवीस मोऱ्या मेल्या तर काय बिघडलं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सावकाश सांगते.

बांगडा लाखांनी अंडी टाकतो. त्यातली बहुतेक वाया गेली तरी पुढच्या हंगामात जाळं भरतं. मोरीचं तसं नाही. तिचा संसार माशापेक्षा गायी-म्हशीसारखा म्हणा. वयात यायला पुष्कळ वर्षं लागतात. काही मोठ्या जाती वीस वर्षांच्या आसपास पहिल्यांदा पिल्लं देतात. कित्येक जातींत पिल्लू आईच्या पोटात नाळेने जोडलेलं असतं. हातोडीसारख्या डोक्याच्या एका मोरीला नऊ-दहा महिने पोट वागवावं लागतं, जवळजवळ आपल्या बाईसारखंच. एवढं करून एका वेळी पिल्लं बारा ते चाळीस.

आता काट्याकडे या. मोऱ्यांच्या बहुतेक जातींत मादी नरापेक्षा मोठी असते. पोटुशी असली की आणखी जड. म्हणजे ‘सगळ्यात जड मोरीला बक्षीस’ असा नियम केला की ‘पोटुशी मादी शोधून मारा’ असाच त्याचा अर्थ झाला. आयोजकाच्या मनात तसं नसेल, पण काटा तेच करतो. २००६ मध्ये फ्लोरिडात एकाने विक्रमासाठी हातोडीडोक्याची एक प्रचंड मोरी गळाने मारली. वजन १२८० पौंड, म्हणजे ५८० किलो. तिचं पोट उघडलं तेव्हा आत ५५ पिल्लं होती, जन्माला यायच्या बेताला आलेली. विक्रमाच्या वहीत मासा एकच लिहिला गेला.

मी स्वतः हे शापोराच्या जेटीवर पाहिलं आहे. ती स्पर्धेतली मोरी नव्हती, जाळ्यात चुकून आलेली होती. कापणाऱ्या बायने कोयती आत घातली आणि थांबली. हात घालून एकेक पिल्लू बाहेर काढून ओल्या गोणपाटावर ठेवत गेली. हाताच्या पंजाएवढी, करडी, डोळे उघडे. प्रत्येकाच्या छातीखालून नाळेची दोरी लोंबत होती. नऊ होती. शेवटचं किंचित हललं, निदान मला तसं वाटलं. बाय म्हणाली, ‘पिल्लां आशिल्लीं गे हिच्या पोटांत,’ आणि बराच वेळ कोयती धुतच राहिली. तिच्या घरचं पोट त्या कोयतीवर होतं, तरी तिला ते लागलं. मग नुसत्या बक्षिसासाठी हे करणाऱ्याला कोणीतरी विचारायला नको का?

म्हणून वीस-पंचवीस हा आकडा फसवा आहे. त्या वीस माद्यांबरोबर त्यांच्या पोटातल्या पिढीचाही हिशेब धरा. खुल्या समुद्रातल्या मोऱ्या आणि वागळ्यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, असा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे एवढी गळती आहे तिथे वयात आलेल्या माद्या निवडून काढणं परवडणारं नाही.

५. ट्रॉलर आणि पर्सिनवाले टनांनी मारतात. त्यांना सोडून गळवाल्यांच्या मागे का लागता?

ट्रॉलर जास्त मारतात, यात वादच नाही. जगभरच्या मासेमारीत वर्षाला आठ कोटींच्या आसपास शार्क मरतात, आणि स्पर्धांचा वाटा त्यात फार लहान आहे. सर्वात जास्त शार्क पकडणाऱ्या देशांत भारतही आहे. आपल्याकडे बहुतेक मोऱ्या मुद्दाम धरल्या जात नाहीत. कोळंबी आणि इतर मासळीच्या जाळ्यात त्या सापडतात, त्यातही लहान पिल्लं. त्यावरही आम्ही बोलतो. जाळ्याच्या आसाचा आकार, पिल्लं वाढतात त्या उथळ पाण्यात ट्रॉलर घुसणं, एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी, हे सगळे आमचेच विषय आहेत.

पण ट्रॉलरवरच्या खलाशाला ‘उद्यापासून हे बंद कर’ सांगताना त्याच्या घरच्या चुलीचा विचार करावा लागतो. त्याला वेळ द्यावा लागतो, पर्याय द्यावा लागतो. स्पर्धेतल्या मोरीवर कोणाचीच चूल अवलंबून नाही. ती थांबवली तर एकाही घरात उपास पडत नाही. जे आज थांबू शकतं ते आज थांबवायचं, एवढाच आमचा हिशेब.

गोव्याला हे नवीन नाही. १९७० च्या दशकात इथल्या रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी, यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध लढा उभारला. मातान्ही साल्ढाणा त्यात पुढे होते. त्या लढ्यातूनच १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्याजवळचं पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलं गेलं. समुद्रातून किती घ्यायचं आणि कसं घ्यायचं, हा प्रश्न सगळ्यात आधी मासे पकडणाऱ्यांनीच विचारला होता.

६. म्हणजे तुम्ही गरीने मासे धरण्याच्याच विरोधात आहात?

नाही. माझे आजोबा तेरेखोलच्या काठावर रोज संध्याकाळी गरी घेऊन बसत. मिळालं ते कालवणात जाई, नाही मिळालं तर हात हलवत घरी. पुलावर बसून गळ टाकणारी माणसं, चोणक धरून परत सोडणारे हौशी लोक, होडीवाले, रापणकार, कोणाशीही आमचं भांडण नाही. वजनासाठी मोरी मारणं, एवढ्यापुरतंच आमचं म्हणणं आहे.

७. मोरी पकडून सोडून दिली तर चालेल ना?

मारण्यापेक्षा केव्हाही बरं. पण ‘सोडली’ म्हणजे ‘जगली’ असं नव्हे, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात.

मोरीला आपल्यासारखा फासळ्यांचा पिंजरा नसतो. पाण्यात तिचं अंग पाणी तोलतं. बोटीवर किंवा वाळूवर घेतली की तिच्याच वजनाने आतले अवयव दबतात. शेपटीने उलटी टांगली तर विचारूच नका. शिवाय कित्येक जातींना श्वासासाठी सतत पोहावं लागतं, कल्ल्यांतून पाणी वाहतं राहिलं तरच त्यांचा प्राण टिकतो. गळावर तासभर झुंजलेली मोरी रक्तात आम्ल साठून आतून संपलेली असते. ती पोहत जाताना दिसते, आपण टाळ्या वाजवतो, आणि ती खाली जाऊन मरते. हातोडीडोक्याच्या मोऱ्या याबाबतीत सगळ्यात नाजूक. त्यांना सोडलं तरी बऱ्याच वाचत नाहीत. बुल शार्क त्या मानाने चिवट.

म्हणून आम्ही म्हणतो, मोरीला लक्ष्यच करू नका. दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या गळाला चुकून लागली तर मात्र नीट सोडायचं शिकून ठेवा. टोक आत वळलेला गोल गळ वापरा. तो आतड्यात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. गळ गंजणाऱ्या लोखंडाचा घ्या, स्टेनलेस नको, म्हणजे आत राहिला तरी कालांतराने गंजून झडून जातो. दोरी जाड असू द्या, झुंज लवकर संपते. मोरी पाण्यातच ठेवून दोरी गळाच्या जमेल तितकी जवळ कापा. फोटो हवाच असेल तर ती पाण्यात असतानाच काढा. कल्ल्यांत बोटं घालू नका.

कायद्याने संरक्षित जातींना हे उत्तर लागू नाही. त्याबद्दल पुढच्या दोन प्रश्नांत.

८. मोरी मारणं कायद्याने गुन्हा आहे का?

सगळ्या मोऱ्यांसाठी नाही, काहींसाठी अगदी गंभीर गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण समुद्रातले मासे त्यात आले २००१ मध्ये. व्हेल शार्क पहिल्यांदा आला. वर्षअखेरीस यादी दहा जातींची झाली. व्हेल शार्क, पाँडिचेरी शार्क, गंगेतला शार्क, करवत माशांच्या जाती, मोठा गिटार मासा, काटेरी पाठीची वागळी वगैरे. ही सगळी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षं तुरुंगवास आणि दंड. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूच्या नव्याने मांडल्या आणि आणखी जाती आत आल्या. तेव्हा जुनी दहाची यादी पाठ करून ‘बाकी सगळं चालतं’ असं धरून चालू नका.

पंखांचे नियम वेगळे आहेत. २०१३ पासून मोरी धक्क्यावर आणायची तर पंख अंगाला जोडलेले असले पाहिजेत. पंख कापून धड समुद्रात फेकण्याचा क्रूर प्रकार थांबावा म्हणून हे केलं. फेब्रुवारी २०१५ पासून पंखांच्या निर्यातीवर पूर्ण बंदी आहे.

थ्रेशर मोरीसाठी हिंदी महासागर टूना आयोगाचा ठराव आहे, आणि भारत त्या आयोगाचा सदस्य आहे. २०१२ च्या त्या ठरावात हौशी आणि क्रीडा मासेमारी करणाऱ्यांचा वेगळा उल्लेख आहे: थ्रेशर सापडली तर जिवंत सोडावी. स्पर्धेच्या काट्यासाठी लोक ज्यांना शोधतात त्यांतली ही एक.

९. संरक्षित जातीची मोरी पकडून लगेच सोडली, मारली नाही, तर गुन्हा कसला?

बारीक प्रश्न आहे. वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे. मारणं तर आलंच, पण धरणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे संरक्षित मोरीला मुद्दाम आमिष टाकून गळाला लावली आणि नंतर सोडली, तरी हात वर करता येत नाहीत. ‘आमची स्पर्धा पकडा-आणि-सोडाची आहे’ ही ढाल इथे चालत नाही.

चुकून सापडली तर गोष्ट वेगळी. लगेच, पाण्यातच सोडा. मच्छीमारांनाही हेच सांगतो. भिऊन मारून टाकू नका, लपवू नका. गुजरातमध्ये व्हेल शार्कची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. २००४ मध्ये तिथे मोहीम सुरू झाली, कथाकार मोरारी बापूंनी त्या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी लेक, असं नाव दिलं. माहेरपणाला आलेल्या लेकीला कोण मारतं? फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली, आणि त्याच मच्छीमारांनी आजवर शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडले.

१०. जात ओळखायची कशी? आम्हाला सगळ्या मोऱ्या सारख्याच दिसतात.

स्पर्धेतल्या हौशी माणसाला ओळखता येत नाही, हाच स्पर्धेविरुद्धचा मोठा मुद्दा आहे. करड्या अंगाच्या, टोकदार नाकाच्या कितीतरी जाती तज्ज्ञांनाही दात पाहून वेगळ्या कराव्या लागतात. ढोबळ खुणा सांगते. डोकं हातोडीसारखं आडवं, म्हणजे हातोडीडोकी. शेपटीची वरची पात अंगाएवढी लांब, म्हणजे थ्रेशर. अंगावर पांढरे ठिपके आणि तोंड नाकाच्या अगदी पुढे, म्हणजे व्हेल शार्क. लांब चपटी करवत आणि तिला दोन्ही बाजूंनी दात, म्हणजे करवत मासा. तो दिसला तर तुमचं भाग्य समजा. शंका असेल तर संरक्षित समजूनच वागा.

११. मांस वाया जात नाही, ते गरिबांना वाटतात. मग?

अमेरिकेतले आयोजक हेच सांगतात. पण जितकी मोरी मोठी आणि म्हातारी, तितका तिच्या मांसात पारा जास्त. लहान मासा खाणाऱ्याला मोठा खातो, त्याला मोरी खाते, आणि प्रत्येक पायरीवर पारा साठत जातो. शिजवून, तळून, कोकम घालून तो जात नाही. काट्यावर पहिली येणारी मोरी ही त्या स्पर्धेतली सगळ्यात जास्त पारा असण्याची शक्यता असलेली मोरी असते. ती गरिबाच्या ताटात वाढणं हा धर्म नव्हे.

१२. आमच्याकडे बाळंतिणीला मोरी देतात, दूध येतं म्हणून. तेही चूक?

या प्रश्नावर मला जपून बोलायचं आहे, कारण हा मायेने आलेला रिवाज आहे. माझ्या आईनेही खाल्ली आहे. एका लहान जातीचं इंग्रजीत नावच ‘दूध शार्क’ पडलं, ते आपल्या देशातल्या याच समजुतीवरून. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, तसंच लहान मुलांना, शार्क पूर्ण टाळायला सांगतं. बाळाच्या वाढत्या मेंदूला पारा बाधतो. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर सांगा, डॉक्टरांनी तारली आणि बांगडे खायला सांगितलेत. खोटं ठरणार नाही, कोणत्याही डॉक्टरांना विचारा.

१३. मग आंबट तिक सोडायचं का?

हे आपलं गोव्याचं आंबट-तिखट कालवण. मी मोरीचं सोडलं. दुसऱ्याला सक्ती करत नाही. आंबट तिक वागळीचं करतात, बांगड्याचंही होतं, आणि बांगड्याचं मला आता जास्त आवडतं. ही आमच्या मोहिमेची मागणी नाही, माझं स्वतःचं मत आहे.

एक मात्र आग्रहाने सांगते. पर्यटकांच्या हॉटेलात ‘बेबी शार्क’ मागवू नका. आपल्या किनाऱ्यावर एक लहान जातीची मुशी असते, चपट्या फावड्यासारख्या नाकाची, दोन फुटांच्या आसपासच थांबते आणि एक-दोन वर्षांत वयात येते. तिची गोष्ट निराळी. पण ‘बेबी शार्क’ म्हणून ताटात येतं ते पुष्कळदा मोठ्या जातीचं खरंखुरं पिल्लू असतं. म्हापशाच्या बाजारात टोपलीत वीतभर-दीड वीतभर मोऱ्या रचलेल्या असतात, त्यात आडव्या डोक्याची पिल्लं मी कितीदा पाहिली आहेत. ती जात जगभर अत्यंत धोक्यात आहे.

१४. स्पर्धांमुळे शास्त्रज्ञांना नमुने मिळतात, हे खरं आहे का?

खरं आहे. अमेरिकेतल्या सरकारी शास्त्रज्ञांनी कित्येक दशकं अशा धक्क्यांवर उभं राहून मोऱ्यांची पोटं, मणके, गर्भाशयं तपासली. मोरी किती वर्षांनी वयात येते हे आपल्याला कळलं त्यात त्या कामाचा वाटा आहे. पण ते कळल्यावरच तर समजलं की त्या मारायला नकोत. आज रक्ताच्या थेंबावरून, सोनोग्राफीवरून, उपग्रहाला जोडलेल्या खुणेवरून जिवंत मोरीचा अभ्यास होतो. हौशी लोकांची मदतही मारल्याशिवाय मिळते. १९६२ पासून तिथे गळवाले मोरीला खूण लावून सोडतात, आणि अटलांटिक ओलांडून गेलेल्या मोऱ्या त्यातूनच कळल्या.

१५. मोरी माणसं खाते. कमी झाल्या तर बरंच ना?

जगभरात, कारण नसताना झालेल्या शार्कच्या हल्ल्यांत वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं दगावतात. आपल्या किनाऱ्यावर माणसं जातात ती ओढीच्या पाण्यात आणि दारू पिऊन पोहायला उतरून. जीव वाचवायचा असेल तर लाल बावटा पाहा.

१६. विक्रम नोंदवायचा तर मासा मारावाच लागतो, नियमच तसा आहे. खेळाडूने काय करायचं?

आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या वजनाच्या विक्रमासाठी मासा जमिनीवर तोलावा लागतो. मोठ्या मोरीला ते जिवंतपणी शक्य नाही. २०१४ मध्ये काही सागरी शास्त्रज्ञांनी जाहीर मागणी केली की धोक्यातल्या जातींसाठी असे विक्रम घेणंच थांबवा. आमचंही तेच म्हणणं. मासा मोजपट्टीवर मोजून सोडायचा लांबीचा वर्ग संघटनेने २०११ पासून ठेवला आहे. हौस असेल तर चोणकावर ती भागवा.

१७. शिकारी लोक ऐकतात कुठे? त्यांना तेच हवं असतं.

मॉन्टॉकचे फ्रँक मुंडस हे शार्कच्या शिकारीतलं सगळ्यात मोठं नाव. १९८६ मध्ये त्यांच्या बोटीवर ३४२७ पौंडांची पांढरी मोरी गळाने धरली गेली. तेच मुंडस उतारवयात गोल गळ वापरा, मोरी सोडा, असं सांगत फिरले. २०१३ मध्ये त्याच मॉन्टॉकला अशी स्पर्धा झाली की एकही मोरी मारायची नाही, गोल गळ वापरायचा आणि काही मोऱ्यांना उपग्रहाची खूण लावून सोडायचं. ओक ब्लफ्सच्या मतदारांनीही त्याच वर्षी मोरी मारण्याविरुद्ध कौल दिला. तो बंधनकारक नव्हता, तरी पुढच्या वर्षी स्पर्धा ते गाव सोडून रोड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टला गेली. उत्तर अटलांटिकमधली माको २०२२ पासून अमेरिकी बोटींना ठेवताच येत नाही. म्हणजे काट्यावरची लाडकी मोरीच गेली.

१८. पर्यटन बुडेल त्याचं काय?

मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली, आणि तिथे लोक आजही शार्क पाहायला पैसे मोजून पाण्यात उतरतात. गोव्याचं पाणी तेवढं नितळ नाही, ग्रँड बेटाजवळही कधी हातभर पुढचं दिसत नाही, म्हणून मालदीवसारखी कमाई होईल असं मी सांगणार नाही. पण मेलेली मोरी पाहायला गोव्याला कोणी येत नाही, तेव्हा बुडण्यासारखं काही नाही.

१९. आमच्या गावच्या मंडळाला नारळी पौर्णिमेनंतर गळाची स्पर्धा भरवायची आहे. नियम काय ठेवू?

जरूर भरवा. मोरी, वागळी, करवत आणि गिटार मासा यांना गुण नाहीत, हे पत्रकावर पहिल्या ओळीत छापा. ‘चुकून लागली’ म्हणून कोणी धक्क्यावर आणली तर तो स्पर्धक बाद. एवढं कडक ठेवलं नाही तर दरवर्षी सगळ्यांचीच चुकून लागते. वजनाऐवजी लांबी मोजा आणि वेगवेगळ्या जातींना गुण द्या, म्हणजे मोठ्या मादीच्या मागे कोणी लागणार नाही. गोल गळ सक्तीचा करा. रक्ताचं पाणी ओतायला बंदी. मत्स्यव्यवसाय खात्याला आधी पत्र द्या. आणि परीक्षक म्हणून एखादा जुना रापणकार बसवा, मासा कसा हाताळायचा हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही.

२०. किनाऱ्यावर कोणी मोरी ओढून फोटो काढताना दिसलं तर काय करू?

आधी भांडू नका. बहुतेकांना खरंच माहीत नसतं, आणि आपण आरडाओरडा केला की मोरी उन्हात तशीच पडून राहते. ती जिवंत असेल तर पहिलं काम तिला पाण्यात नेणं. मोठी असेल तर जीवरक्षकांना आणि जवळच्या होडीवाल्यांना बोलवा, एकट्याने हात लावू नका, त्वचा काचकागदासारखी असते आणि तोंड कधी वळेल सांगता येत नाही. मेली असेल तर डोक्याचा, पंखांचा आणि शेपटीचा वेगवेगळा फोटो काढा, बोटीचा नंबर, वेळ आणि जागा लिहून ठेवा. संरक्षित जात वाटली तर वन खात्याला कळवा, इतर वेळी मत्स्यव्यवसाय खात्याला.

लहान मोरी असेल आणि तुमच्याबरोबर कोणी जाणकार असेल तर ओला कपडा तिच्या डोळ्यांवर टाका, पोटाखाली दोन्ही हात घालून आडवी उचला आणि कमरेएवढ्या पाण्यात न्या. तोंड लाटेकडे करून धरून ठेवा. कल्ल्यांतून पाणी फिरू लागलं की थोड्या वेळाने ती शेपूट हलवते, मग अंगाला एक झटका देते. तो झटका जाणवला की हात काढून घ्या.